कोपऱ्यातल्या रांजणातली ओळ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी खानावळ चालवते, गोष्टी रचत बसायला मला वेळ नाही. हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि तो आत्ता माझ्या मागच्या खोलीत झोपलाय.

रात्र-बित्र काही नव्हती हं. गेल्या नोव्हेंबरातली, संत मार्टिनच्या सणाची, नवी वाइन उघडायच्या दिवसाची टळटळीत दुपार. गाव आमचंच, पोर्तुगालच्या आलेंतेजोतलं, एव्होराहून बसने तासभर. अख्खं गाव तिथे हजर होतं.

सगळे ती वाइन प्यायले.

मीसुद्धा. शी!

माझा भाऊ कुस्तोदियो मिसरूड फुटायच्या आत फ्रान्सला गेला, विटा रचायला. तिकडे लग्न केलं, तिकडेच मोडलं. गेल्या उन्हाळ्यात दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, आता इथेच राहायचं म्हणतोय. वाइन करून बघतो. जमली तर राहिलो, नाही जमली तर नाताळच्या आत परत."

मला दुसरं कोण आहे? मी देवळात जाऊन मेणबत्ती लावली. म्हटलं, देवा, ह्याची वाइन जमू दे, ह्याला इथून हलू देऊ नकोस. अगदी ह्याच शब्दांत.

त्याने एक जुनं कोठार भाड्याने घेतलं. आमच्याकडे वाइन मातीच्या रांजणात होते. माणसाहून उंच रांजण, आतून राळेचा काळा थर दिलेला. सगळे ठीक होते. कोपऱ्यातला एक मात्र कित्येक वर्षं कोणी भरला नव्हता. आत उतरून साफ करताना एक बाई त्यात गेली, एवढंच मला माहीत होतं.

"जिथे कोणी मेलं नाही असं एक कोठार दाखव," कुस्तोदियो म्हणाला. "फुकट मिळतोय रांजण, तो सोडू?"

खरंच होतं ते. रांजणात हवा कोंदते, माणूस गपकन जातो. म्हणून आमची एक रीत आहे. आत उतरलेल्याने गायचं. त्याने पहिली ओळ टाकायची, बाहेरच्याने दुसरी उचलायची. गाणं चालू आहे तोवर जीव आहे. गाणं थांबलं की दोर ओढायचा. त्यामुळे आमच्या गावात कोणीही, कुठेही पहिली ओळ म्हटली, की दुसरी आपोआप तोंडात येते. ओळ लोंबकळत ठेवणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं.

कुस्तोदियो त्या रांजणात उतरला नाही. दिवा सोडून बघितलं, राळ चकचकीत दिसली, पाण्याने धुतला आणि द्राक्षं भरली.

मग रस आंबून फसफसायला लागला. साली वर येतात, त्या सकाळ-संध्याकाळ काठीने खाली ढकलाव्या लागतात. एकदा मी संध्याकाळी त्याच्यासाठी लसणाचं सार आणि पाव घेऊन गेले. तो शिडीवर उभा होता. काठी थांबलेली.

"ताई, ऐक."

बाकीचे रांजण बुडबुडत होते. कोपऱ्यातला...

गप्प होता.

आणि मग आतून...

बाईचा आवाज आला. हळू. द्राक्षतोडणीचं आमचं जुनं गाणं, त्याची पहिली ओळ. ओळ संपली आणि आवाज थांबला. कोणीतरी वाट बघावी तसा.

"कुस्तोदियो, उतर खाली..."

माझं वाक्य संपेपर्यंत त्याने दुसरी ओळ म्हटलीसुद्धा.

"काय केलंस मेल्या?"

"काय केलं म्हणजे? कोणी ओळ टाकली, मी उचलली. तोंड फिरवून बसू का?"

"अरे, वाइन कधी गाते का?"

"फ्रान्सची नाही गात, तिला कुठली अक्कल!" तो हसला.

त्याच्या पायाशी, रांजणाच्या तोंडात... साली आपोआप वर आल्या. आणि पुढची ओळ आली. ह्या वेळी जवळून.

त्या दिवसापासून तो तिथेच बसायला लागला. गायचा. जेवण अर्धं परत यायचं. कोठारात एक वास सुटला होता. द्राक्षांचा नव्हे. न धुतलेल्या, तेलकट डोक्याचा वास. त्याची काठी पुसताना माझ्या हाताला एक केस लागला. लांब, तांबूस, बुळबुळीत.

"तोडणाऱ्या बायकांपैकी कोणाचा तरी असेल," तो म्हणाला. "ताई, तुला सगळीकडे घाणच दिसते."

दिसते! खानावळवालीला केस दिसणार नाही तर काय दिसणार?

संत मार्टिनच्या दिवशी सगळे जमले. चेस्टनट भाजले, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, कुस्तोदियोने कोपऱ्यातल्या रांजणाच्या बुडाशी तोटी ठोकली. वाइन आली. सोनेरी, स्वच्छ. पहिला घोट घेतला आणि जो तो ग्लास पुन्हा तोटीखाली धरायला लागला. अशी वाइन आम्ही प्यायलोच नव्हतो. किराणावाल्याच्या बायकोने तीन ग्लास रिचवले. माझा भाऊ लहान मुलासारखा रडत होता.

"ताई, जमली! मी राहतो!"

मी आनंदाने ग्लास रिकामा केला.

आणि जिभेच्या मुळाशी... काहीतरी अडकलं.

बोट घातलं. एक टोक हाताला लागलं. ओढलं. ते येतच राहिलं. घशातून, आणखी खालून, सरकत, गुदगुल्या करत. हातभर लांब. तांबूस.

शेजारी कोणीतरी खोकलं. किराणावालीचं बोट तोंडात होतं. मग सगळ्यांचीच. पाद्रीबाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचा हात तोंडापासून लांब लांब जात होता. अख्खं कोठार तोंडातून केस ओढत होतं.

फक्त बोनिफासियोकाका प्यायले नव्हते. जन्मभर ह्याच कोठारात राबलेले म्हातारे. टोपी हातात धरून दारात उभे.

"पुन्हा?" ते म्हणाले.

मी त्यांना बाहेर ओढलं. "पुन्हा म्हणजे काय, काका?"

"फेलिश्मिना," ते म्हणाले. "कमरेपर्यंत लाल वेणी होती तिची. ती आत गात होती, मी बाहेर होतो. उत्तरं द्यायला. मी जरासा एक ग्लास घ्यायला गेलो गं, पोरी."

"आणि?"

"आलो तेव्हा गाणं थांबलं होतं. ओढून काढली. राळ ओली होती, वेणी तिच्यात चिकटली. मालक म्हणाला, कापा. कापली. द्राक्षांच्या गाड्या दारात उभ्या होत्या, नासली असती. त्याच आठवड्यात रांजण भरला."

"वेणी?"

"आतच."

"आणि ती वाइन... फेकली ना?"

काकांनी तोंड पुसलं. "तशी वाइन पुन्हा झाली नाही. सगळे प्यायलो. ठाऊक होतं, तरी प्यायलो."

मी तिथेच, उंबऱ्यावर, भडाभडा ओकले.

"तिची ओळ कोणी उचलली ह्या वेळी?" काकांनी विचारलं.

"कुस्तोदियोने."

त्यांनी छातीवर क्रूस काढला. "मग आता त्याने थांबायचं नाही. तो थांबला की तिला वाटेल, बाहेरचा पुन्हा निघून गेला. आता ती एकटी नाही जायची, त्याला घेऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी रांजण फोडला. आत राळ होती. चकचकीत, कोरडी. एक केस नाही. काही म्हणजे काही नाही.

मी भावाला म्हटलं, चालता हो फ्रान्सला, मी तिकीट काढते.

"गाणं अर्धं सोडून जाऊ, ताई?"

तो गेला नाही. माझ्या मागच्या खोलीत बसून गुणगुणायचा, फक्त दुसऱ्या ओळी. मध्ये थांबायचा, ऐकायचा. मला काही ऐकू यायचं नाही. जेवताना दातांतून एक केस काढायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा. ते ताट मी घासायचे. रोज. चेहरा निम्मा झाला त्याचा, झोप नाही, ओठ फुटलेले.

काल दुपारी मी कांदा चिरत होते आणि मागच्या खोलीतलं गुणगुणणं...

थांबलं.

"कुस्तोदियो?"

धावत गेले. तो खुर्चीत मान टाकून पडला होता. ओठ निळे. श्वास नव्हता.

आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या मडक्यातून... पहिली ओळ आली.

ह्या वेळी मला ऐकू आली.

ओळ संपली. ती थांबली. वाट बघत.

किळस आली, अंगावर शिसारी आली. पण मला दुसरं कोण आहे?

मी दुसरी ओळ म्हटली.

खुर्ची करकरली. कुस्तोदियोने मोठा श्वास ओढला, खोकला, डोळे उघडले. कित्येक आठवड्यांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"ताई," तो म्हणाला, "आता जरा झोपू का?"

मी नुसती मान हलवली. बोलता येत नव्हतं, पुढची ओळ येत होती.

कालपासून तो गाढ झोपलाय. हे सगळं सांगायचं सोडून लिहून काढलं, ते एवढ्यासाठीच. तोंड रिकामं नाही. आणि जिभेखाली परत काहीतरी वळवळतंय.