सोमवारसाठी राखलेला राग

"मार्सली, प्रभूच्या दिवशी चिडायचंसुद्धा नाही हं. राग आलाच तर सोमवारसाठी राखून ठेवायचा."

आईला जाऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी दर रविवारी चर्चच्या वाटेवर मार्सली मॅकरेच्या कानात हा आवाज उमटायचाच. रविवारी तिच्या घरी चूल पेटवण्यापलीकडे कसलंही काम होत नसे; दोरीवर कपडासुद्धा वाळत नसे. स्कॉटलंडच्या त्या उत्तरेकडच्या साऱ्या खोऱ्याचीच ती रीत.

आणि त्या रविवारी, भुरभुरत्या पावसात, तिच्याच मेंढ्यांच्या उतारावर एक माणूस कंबरभर खड्ड्यात उभा राहून माती उपसत होता!

"अहो! हे काय चाललंय?"

त्यानं वर पाहिलं. नाकावर चिखल, डोळ्यांत उजेड. "किती सुंदर आहे बघा..."

"कोण?"

"माती." मग गडबडून, "म्हणजे... मातीबद्दलच म्हणत होतो मी."

त्याचं नाव लॅकलन बेन. दक्षिणेतल्या शहरातून आलेला. खोऱ्याखोऱ्यांतून फिरून कुठली जमीन नांगराची, कुठली चराईची, कुठली जंगलाची, हे ठरवायचं त्याचं काम. पहिला वर्ग म्हणजे काळं सोनं, सातवा म्हणजे नुसता खडक नि वारा.

"आज रविवार आहे," मार्सली दात आवळून म्हणाली.

"हो, पण उद्यापासून जोराचा पाऊस सांगितलाय, म्हणून म्हटलं—"

राग अगदी ओठांशी आला. सोमवार, ती मनात म्हणाली. सोमवार. "बुजवा तो खड्डा! ... नाही, नको. बुजवणं म्हणजेही कामच. आज कशालाही हात लावायचा नाही. उद्या बघते तुमच्याकडे."

प्रार्थना आटोपून ती परतली, तर खड्ड्यात तिची एक मेंढी केविलवाणी ओरडत उभी, आणि काठावर हा महाभाग तिच्यावर छत्री धरून!

"अहो, नुसते बघताय काय? काढा तिला!"

"तुम्हीच म्हणालात, कशाला हात लावायचा नाही. म्हटलं, निदान भिजू तरी नये बिचारी."

"देवा रे! खड्ड्यात पडलेली मेंढी काढायची सूट तर बायबलात खुद्द देवानंच दिलीय!"

तिनं पुढचे पाय धरले, त्यानं खाली उतरून मागून रेटा दिला. मेंढी सुटली, आणि मार्सली घसरून चिखलासकट त्याच्या अंगावर! त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता... तिनं झटकन नजर वळवली.

"हेही सोमवारच्या हिशेबात धरायचं का?" त्यानं हळूच विचारलं.

सोमवारी तिनं सगळा राग काढला. तो मान डोलावत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आणखी चहा मिळेल?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! मंगळवारी त्यानं फाटक उघडं टाकलं. बुधवारी चिमूटभर माती बोटांत चोळत तिला म्हणाला, "हात पुढे करा," आणि तिच्या तळव्यावर ती ठेवली. "रेशमासारखी लागतेय ना?"

"चिखलासारखी लागतेय."

पण हात मागं घ्यायला तिला अंमळ उशीरच झाला. टॉर्मोडकाका, वडिलांमागं तिच्याबरोबर मेंढ्या सांभाळणारे, खिडकीतून खोकले.

शनिवारी त्यानं निकाल सांगितला. खालचं कुरण चराईचं. आणि वरचा तो उतार... जंगलासाठी उत्तम.

मार्सलीच्या हातातली किटली थबकली. जमीनदाराचा कारभारी याच निकालाची वाट पाहत होता. उतारावर लाकडासाठी स्प्रूसची झाडं लावली की कुंपण पडणार, कुंपण पडलं की मेंढ्या जाणार, आणि मेंढ्या गेल्या की हे कुळाचं घरही.

"माझ्या मेंढ्या बर्फात तिथंच आसरा घेतात. कोकरू आईमागं फिरून ती जागा शिकतं. दुसऱ्या डोंगरावर नेल्या तर त्या जगायच्या नाहीत. लॅकलन, वर्ग बदल ना तेवढा."

बोलण्याच्या भरात ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, ते दोघांनाही कळलं.

"माती खोल आहे, मार्सली. तिथं उंच नेचा उगाच माजत नाही. झाडं वाढतील, हे खरं आहे."

"आणि आमचं काय?"

"आज तुझ्यासाठी खोटं बोललो, तर उद्या मी दुसरं जे काही सांगेन... त्यावर तू विश्वास कशी ठेवशील?"

"दुसरं काय सांगणारेस?"

तो कानापर्यंत लाल झाला. "की... मला तू आवडतेस. चिडलेली जास्तच."

"वा! घर घालवतोस आणि वर हे!"

ती तरातरा आत गेली. रात्रीच्या प्रार्थनेत मात्र जीभ अडखळली. आपण त्याला खोटी साक्ष द्यायला सांगितलं होतं... तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटायला लावली म्हणून त्याचा आणखीच राग आला.

रविवारी तो चर्चबाहेर उभा होता. दोन्ही हात मुद्दाम खिशात.

"गुरुवारी कारभाऱ्यांची सभा आहे, उताराचं तिथंच ठरणार," तो म्हणाला. "जमीन काय पेलू शकते, ते मी सांगेन. तिची गरज कुणाला आहे, ते तूच सांगू शकतेस. येशील?"

चार माणसांत तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. "येईन," ती पुटपुटली. "शब्द देते."

"आणि मी विचारलं ते?"

"विचारलं कुठं होतंस? नुसतं सांगून मोकळा झालास!"

"मग विचारतो. माझी होशील?"

"तेही गुरुवारीच सांगेन."

उतार वाचला तरच हो म्हणायचं, असं तिनं तीन दिवस घोकलं. गुरुवारी दुपारी ती डोक्याला रुमाल बांधून निघाली.

"काय बोलायचं ते ठरलं का, पोरी?" टॉर्मोडकाकांनी विचारलं.

"मेंढ्यांचं ठरलंय."

"आणि निकाल उलटा लागला तर?"

ती उंबऱ्यावर थांबली. बाहेर उतारावर ऊन-पाऊस एकदमच पडत होता.

"काका, सूप तिघांपुरतं ठेवा," ती म्हणाली. "तिथं काहीही ठरो."

आणि हलकेच दार ओढून घेऊन ती सभेच्या वाटेला लागली.