मारबतीसोबत गेलेलं ब्लँकेट

वच्छला निघाली होती ती नवऱ्याची, परसरामची, न्याहारी धानाच्या बांधीवर पोचवायला. पोळ्याचा दुसरा दिवस होता. दिघोरीत पहाटेच मारबतीची बाहुली निघाली होती. घराघरातली ईडापीडा घेऊन जा, असं ओरडत लोक तिला शिवेबाहेर टाकून आले होते आणि मागे न बघता आंघोळीला गेले होते. ज्या घरात वर्षभरात वाईट घडलं, त्या घराने त्यातली एखादी वस्तूही सोबत टाकायची. गावातल्या जागेश्वरने बायकोचं ब्लँकेट टाकलं होतं. त्याची मंगलाबाई आषाढात त्याच ब्लँकेटमध्ये गेली. लेकरासाठी झुरून झुरून गेली, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

शिवेवर वच्छलाला ते दिसलं. लाल, मऊ, जवळजवळ नवं. घरी तिची पाच वर्षांची लेक टीना विरलेल्या लुगड्यात कुडकुडत होती.

दोन वर्षांपासून वच्छला लाखांदूरला प्रार्थनेला जायची. गेल्याच रविवारी पास्टरांनी शास्त्रातली गोष्ट सांगितली होती. ज्या लुटीला देवाने हात लावू नका म्हटलं, त्यातला एक उंची झगा एकाने तंबूत पुरून ठेवला आणि लेकराबाळांसकट जिवानिशी गेला. ऐकताना वच्छला रडली होती. पण तिच्या लेखी वर्ज्य म्हणजे मूर्ती, गंडा, प्रसाद. ते तिने केव्हाच सोडलं होतं. मारबतच मानायची नाही, तर तिच्यासोबत टाकलेल्या पांघरुणाला काय भ्यायचं? देव तिला क्षमा करो, बाई इथेच फसली.

ब्लँकेट तिने घरी आणून दोनदा धुतलं. तरी त्याला मयताच्या वेळच्या कापराचा वास यायचाच.

तिसऱ्या दिवशी टीनाला ताप चढला. परसराम बांधीवर होता. भर दुपारी अंधारून आलेलं, कौलांवर पाण्याची संततधार, आणि घरात कापराचा वास असा कोंडलेला की श्वास घ्यायला जड जावं. टीना ब्लँकेटखाली कुणाशी तरी कुजबुजत होती.

"कोनासंग बोलून राहिली, बाई?"

"मायसंग..."

"मी तं इथं आहो ना."

टीनाने तोंड बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे बघावं तसं. "तू नाही..."

 वच्छलाने पोरीच्या अंगावरून ब्लँकेट ओढलं आणि प्रार्थना पुटपुटत, चिखल तुडवत ती शिवेकडे धावली. वाटेत तिच्या लक्षात आलं, आता त्याला कसलाच वास नव्हता. नुसतं थंडगार कापड. प्रार्थना लागू पडली म्हणून तिला रडूच फुटलं. शिवेबाहेर ते फेकून, देवाची माफी मागून ती परतली.

दार लोटून गेली होती, ते आतून बंद होतं.

"टीना, दार खोल, बाई."

आतून टीना खुदकन हसली. आवाजात ताप नव्हता. "माय, दारात कोनीतरी आहे..."

ओल्या पायांनी कुणीतरी सावकाश दाराशी आलं. फटीतून कापराचा वास आला.

"खोलू नको, बाई..."

दमलेला, मायेचा आवाज. वच्छलाचाच. मग वरची कडी, जिथे टीनाचा हात पोचत नव्हता, हळूच सरकून बसली.

लेकीला हाक मारायला वच्छलाने तोंड उघडलं. घशातून आवाज निघेना.