पाच सेकंदांचा भागाकार

बाबांच्या गाडीत वेगाचा आकडा हिरव्या उजेडात उमटायचा, आणि लहर आली की गुडूप व्हायचा. मग बाबा मागच्या सीटवरच्या लेकीला विचारायचे, "किती, मास्तर?"

रस्त्यावरचे दिव्याचे खांब चाळीस-चाळीस मीटरवर होते. दोन खांबांमधले सेकंद मोजायचे, एकशे चव्वेचाळीसला त्या सेकंदांनी भागायचं, की ताशी वेग हाती. तीन सेकंद, अठ्ठेचाळीस. चार, छत्तीस. पाच आले की मात्र तिची दांडी उडायची. ती दर वेळी ठोकून द्यायची, "बत्तीस!"

"एकोणतीस, मास्तर," बाबा आरशातून हसायचे.

घर जवळ आलं की ते वेग पायरी-पायरीने उतरवत आणायचे. आई आवाजावरून ओळखून फाटक उघडायची आणि बाजूला उभी राहायची.

आता मास्तर एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि गाडीची तपासणी दोन दिवसांवर आली होती. वेगाचा आकडा दिसला नाही, तर गाडी थेट भंगारात.

"अहो ताई, हा डिस्प्ले म्हणजे माझा साडू. काम निघालं की गायब!" मेकॅनिकने तो खोलून टेबलावर ठेवला. "आतले सांधे तडकलेत. आज राहू दे इथेच. पण गाडी बेताने न्या, वेग दिसणार नाही तुम्हाला."

"मोजता येतो मला," ती म्हणाली.

घरी जाताना आई शेजारी बसली होती. डिस्प्लेच्या जागी चौकोनी भोक, त्यात चिकटपट्टी लावलेल्या चार वायरी.

"चार. छत्तीस," ती मोठ्याने म्हणाली. पुढे रस्ता मोकळा मिळाला. "तीन. अठ्ठेचाळीस."

शाळेपाशी बस आडवी आली, वेग कमी झाला. "पाच. बत्तीस."

तोंडून निघूनच गेलं. दोघी खळखळून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने साडूचं नाव काढलं नाही.

"ताई, काल साडेपाचला कुठे होतात?"

"आई आणि मी घरी जात होतो. का?"

त्याने खोक्याचा एक फाडलेला पुठ्ठा पुढे केला. "डिस्प्ले टेबलावर होता. एकही वायर जोडलेली नव्हती. आपोआप पेटला. आकडे उतरवून घेतले, नाहीतर आज मलाच खोटं वाटलं असतं."

छत्तीस. अठ्ठेचाळीस. एकोणतीस. शून्य.

आत साठलेली वीज क्षणभर डिस्प्ले उजळवू शकते, हे तिला माहीत होतं. पण खरा वेग कधी सदतीस असतो, कधी एक्केचाळीस. हे आकडे फक्त भागाकाराचे होते. आणि तिसरा तर ती बोललीच नव्हती. बिघाडात चूक होते. चूक सुधारली जात नाही.

"बसवू ना परत?" त्याने विचारलं.

"बसवा."

तपासणीत गाडी पास झाली. परतताना आकडे सरळ माणसासारखे वागले. सदतीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस. गाडी वाचली होती, तरी तिला कुठेतरी चुटपुट लागली. तिने आईला पुठ्ठ्याचं सांगितलं.

"एकोणतीस?" आईने एवढंच विचारलं.

गाडी अंगणात लावली. आईने उतरून फाटक बंद केलं आणि तपासणीचे कागद घ्यायला परत येऊन बसली. इंजिन बंद, किल्ली हातात, काच काळी. दुपारचं ऊन बॉनेटवर पडलं होतं.

प्रयोग एकदा करून भागत नाही. तिने घसा साफ केला.

"पाच सेकंद. बत्तीस."

काही झालं नाही. आईने तिच्या हातावर हात ठेवला.

मग काचेच्या तळातून हिरवं वर आलं.

एकोणतीस.

तिचे डोळे भरून आले. "बाबा," ती पुटपुटली.

चोवीस.

ती काही मोजत नव्हती.

अठरा.

गाडी जागेवरच होती.

बारा.

आईने दार उघडलं. घाई न करता ती अंगण ओलांडून गेली, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत बाजूला उभी राहिली, वाट देऊन.