टेकचंदची दोनदा चौकशी

गप्पा हाणायची मले सवय आहे, हे सारी एकोडी जाणते. वाघाले सुपानं हाकलल्याची गोष्ट म्याच उठवली होती. वाघ नव्हता, शेजारची बकरी होती. पण ही गोष्ट सांगताना मले हासू येत नाही, राग येते. आजबी येते.

त्र्याऐंशी साल. धान कापून खळ्यावर आलं होतं. माहा पोरगा टेकचंद वेल्डिंगचं काम शिकला होता, आणि त्याले मस्कतची नोकरी लागत होती. एजंट म्हणे, पासपोर्ट आणा आणि होळीच्या आत विमानात बसा. फारम भरला. मंग कळलं का पोलीस घरी येऊन चौकशी करते. पोरगा इथंच राह्यते का, कोणाचा आहे, चाल कशी आहे. वरून दोन शेजारी पंच लागतेत.

"माह्या पोटचा पोरगा माहा आहे का, हे सरकार इचारणार?" म्या म्हटलं. "सरकार आलं होतं का माह्या बाळंतपणाले?"

"माय, तू फक्त हो म्हणजो," टेकचंद म्हणे. "गप्पा नको हाणू."

आता एक सांगते. टेकचंदच्या आधी माहे तीन लेकरं गेले. चौथा हा झाला, तवा सासूनं त्याले उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या शकुनबाईनं उचललं, आणि म्या तिले सूपभर कोंडा देऊन इकत घेतलं. आमच्याकडे असंच करतेत. मरण पुसाले आलं, हे लेकरू कोणाचं, तर म्हणाचं, आमचं नाही गा, कोंड्यावर घेतलं. दुसऱ्याचं लेकरू ते कायले नेईन? अनोळखी माणसानं पुसलं का सारं गाव हेच सांगे. एकवीस वर्षं सांगत आलं. पोरगा जगला.

त्या दिवशी टेकचंद फोटो काढाले साकोलीले गेला होता. भर दुपारी अंगणात खाकी कपड्यातला माणूस उभा दिसला. सायकल नव्हती. आमचा कुत्रा डाकवाल्याच्या अंगावर जाणारा, तो त्याच्या पायाशी झोपलाच राहिला. खळ्यावरचं भूस साऱ्या हवेत उडून राहिलं होतं, आमच्या केसात, दातात. त्याच्या टोपीवर एक कण नव्हता.

म्या खाट टाकली, चहा ठेवला. त्यानं जाडं रजिस्टर उघडलं.

"टेकचंद सुखराम. तुमचा मुलगा?"

पोलिसाले हो म्हणाचं, हे ठरलं होतं. पण त्याचं ते थंडं पुसणं कानावर आलं आणि जीभ आपसूकच जुन्या वाटेनं गेली.

"माहा कुठचा? सूपभर कोंडा देऊन घेतला."

तो हासला नाही. लिहून घेतलं.

"जन्म?"

"उकिरड्यावर सापडला, बाप्पा."

तेबी लिहलं. मंग पंच बोलवाले लावले. पलीकडच्या घरचे घनश्यामभाऊ आले, शकुनबाई आली. दोघाईनं माह्याकडे पाह्यलं आणि तेच सांगितलं. पोराच्या जिवासाठी खोटं बोलणारे शेजारी, कुठं भेटतेत असे? घनश्यामभाऊनं तर मले डोळाबी मारला. भाऊनं सही केली, शकुनबाईनं अंगठा देल्ला.

"चौकशी पूर्ण," तो माणूस म्हणे, आणि गेला. चहावर साय धरली होती. गिलासाले हात लावला नव्हता.

शकुनबाई पदरानं अंगठा पुसत होती. "वहिनी वो, त्या पानावरचे बाकीचे अंगठे पाह्यले का? तान्ह्या लेकराएवढे होते."

टेकचंद आला आणि भडकला. "पोलिसाले असं सांगतेत का, माय? माही नोकरी गेली ना!"

दुसऱ्या दिवशी आमी साकोलीच्या ठाण्यात. लक्ष्मणराव जमादार म्हणे, "बाई, आमच्याकडून कोणी आलंच नाही. कागद अजून आमच्याकडे पोचलाच नाही."

मले भल्ला आनंद झाला. कोणी लफंगा असन! घरापर्यंत म्या त्याले शिव्या घालत आली.

आठ दिवसानं लक्ष्मणराव स्वतः आला. कुत्र्यानं त्याचा पायजमा धरला. दोन कप चहा पेला. हा पोलीस खरा.

"माह्या पोटचा आहे," म्या छाती ठोकून सांगितलं. "लिहा!"

घनश्यामभाऊले पुसलं.

"कोंड्यावर घेतला ना, साहेब."

म्या डोळा मारला. चिमटा काढला. "भाऊ, आज खरं सांगा, हे खरे पोलीस आहेत."

"खरंच सांगून राहिलो, वहिनी. मले अजून काय माहीत?"

त्याच्या तोंडावर मजाक नव्हती. शकुनबाईबी तेच म्हणे. तिच्याच हातात म्या सूप देल्लं होतं, आणि ती आता म्हणे, "बिचारा उकिरड्यावर सापडला."

"अवो, तूच तं उचललं!"

"कोणाचा होता ते कुठं माहीत होतं, वहिनी?"

मालकाले खळ्यावरून बोलावलं. माह्या नवऱ्याले! सुखरामनं हात झटकले, पोराकडे पाह्यलं.

"पोरगा कामाचा आहे, साहेब. पण कोणाचा, ते आमाले काय ठाऊक?"

म्या त्याचा शर्ट धरला. "तुमचा आहे! तुमचं नाक आहे त्याले!"

तापात बडबडणाऱ्या बाईकडे पाह्यतेत, तसं पाह्यलं त्यानं मले.

लक्ष्मणरावनं कागद दुमडला. "पंच नाही म्हणतेत, बापच नाही म्हणते. म्या काय लिहू, बाई?"

"माय हो म्हणून राहिली, ते लिहा ना! मायची सही कोणत्या कायद्यात चालत नाही?"

लक्ष्मणराव गेला. मंग मले ते थंडं पुसणं आठवलं, मरण पुसाले आलं तर सांगाचं, तेच म्या त्या रजिस्टरात लिहून देल्लं होतं.

टेकचंद दारातच होता. पहिले तं हासला. "सारे मिळून माही मजा घेऊन राहिले, माय."

दोन दिवस तो बापाच्या मागं मागं फिरला. बाप त्याले मजुरासारखं बोले.

तिसऱ्या दिवशी तो मले काकू म्हणाला. म्या थापड मारली. त्याले राग नाही आला. शरमला.

म्या त्याचा हात धरून बसली. लहानपणचं सारं सांगितलं, गोवर, शाळा, कुत्रं चावलं ते. तो आईकत होता. दुसऱ्याच्या घरची गोष्ट आईकावी तसा.

पाचव्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन अंगणात उतरला.

"बाई, पाणी भेटन का?"

म्या आत गेली. गिलास भरला. डोळ्याचं पाणी पुसलं आणि ठरवलं, आज याले जाऊ द्याचं नाही. बाहेर आली, गिलास देल्ला, आणि माह्या तोंडून निघालं,

"कुठचे हो तुमी, भाऊ?"

त्यानं पाणी पेलं. रस्त्याकडे पाह्यलं, मंग आमच्या घराकडे. त्याले सांगता नाही आलं.