दोन हिरवी पानं

आषाढातला पाऊस होता. पोलादपूरच्या बाजारात, दाखल्यांच्या दुकानासमोर मी रांगेत उभी होते आणि माझ्या छत्रीचं पाणी बरोबर मानेवर गळत होतं.

माझा नंबर आला. काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"नाव?"

"श्रुतिका."

"सातबारा तुमच्या नावावर हाय?"

"नाही... आईच्या वडिलांच्या. उमरठकडची जमीन."

"मग त्यांचं नाव सांगा ना. तुमचं मी उगाच ऐकलं." तो हसला. "नाय, म्हणजे... बरं झालं ऐकलं."

मला हसू आवरलं नाही. पण तेवढ्यात माझी नजर त्याच्या स्क्रीनवर गेली आणि हसू विरलं. डेस्कटॉपवर बोटभर जागा रिकामी नव्हती. शेकडो फायली एकमेकींना चिकटलेल्या. 'नवीन', 'नवीन दोन', 'हीच खरी', 'ही शेवटची'...

"हा डेस्कटॉप आहे की आठवडी बाजार?"

"बाजारच. पण कुठली मिरची कुठं ठेवलीय, ते मला ठाऊक हाय."

आणि त्याने माझ्या आजोबांऐवजी भलत्याच कुणाचा तरी सातबारा उघडला.

मी महाडला राहते आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी आयकॉन काढते. फोनवर, कॉम्प्युटरवर तुम्ही ज्यांच्यावर बोट ठेवता ती इवलीशी चित्रं... ती कुणीतरी बसून काढलेली असतात, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या स्वतःच्या डेस्कटॉपवर पाचच चित्रं असतात. दर शनिवारी मी नको त्या फायली पुसते, फोटो साल-महिन्याने लावते. आई म्हणते, कपाट असं लावलं असतंस तर देव पावला असता. तर असा पसारा बघून मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"मी आवरून देते," मी म्हटलं. "प्रत्येक कामाला वेगळा फोल्डर. प्रत्येक फोल्डरला वेगळं चित्र. तुम्हाला नाव वाचायलाच लागणार नाही."

तो एकदम गंभीर झाला. "वाचायलाच लागणार नाय?" त्याने हळू विचारलं. "नक्की?"

त्याचं नाव येसाजी. आजोबांचं नाव ठेवलेलं. "शाळेत पोरं चिडवायची," तो म्हणाला, "वर्गात साहिल, अक्षय... आन् मधीच मी, तीनशे वर्षांचा."

दोन शनिवार मी महाडहून एसटीने गेले. तो सांगायचा, मी काढायचे. सातबाऱ्याला भाताची लोंबी. रेशनकार्डाला पोतं. जन्माच्या दाखल्याला पाळणा. निराधार म्हाताऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून. त्याला मी दोन पानांचा कोवळा अंकुर काढला.

"आन् मृत्यूच्या दाखल्याला?"

मी थांबले. "तुम्हीच सांगा."

"नुसती काळी चौकट ठेवा."

"छे, ती फोटोची वाटेल." मग मला सुचलं. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात ठेवतात, ते तुळशीचं पान. एक हिरवा अंकुर, एक हिरवी तुळस. एकाच रंगाची, शेजारीशेजारी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर त्याचे फोन यायला लागले.

"मॅडम, चित्रं जरा मोठी होतील?"

मोठी केली. चार दिवसांनी पुन्हा. "मॅडम, मागचा पांढरा रंग टोचतो हो. काळा होईल?"

"हे फोनवरूनही सांगता येतं. त्यासाठी मी यायलाच हवं का?"

"नाय आलात तर..." तो अडखळला. "आलात तर बरं."

मी आरशात बघून जायला लागले. अहो, काय समजायचं मी! महिन्यात तिसरं निमित्त. आणि ती नजर... बोलताना इकडे नाही, तिकडे नाही, फक्त माझ्या चेहऱ्यावर. कुठल्याच मुलाने माझ्याकडे असं स्थिर पाहिलं नव्हतं. मी 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, ते मलाही कळलं नाही.

एकदा निघताना मी धीर करून हात पुढे केला. तो समोर बघून बोलत राहिला. हात तसाच हवेत... मी तो ओढणीत लपवला आणि परतीच्या एसटीत ठरवलं, पुन्हा जायचं नाही. इतका भाव!

आठवडाभरात पुन्हा गेले, ही गोष्ट वेगळी. त्याच दिवशी राहीबाई आली.

ती डोंगरातल्या एका वाडीवरून चालत आली होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "येसाजी, बाबा, मी मेले का रं?"

"काय झालं आये?"

"पेन्शन बंद झालं. कचेरीत गेले तं सायेब बोलतो, राहीबाई मयत हाय. मी बोलले, मी हुबी हाय तुझ्या म्होरं. तो बोलतो, कागदावर मयत हाय."

येसाजीने घाईने स्क्रीनकडे तोंड वळवलं. नाक जवळजवळ काचेला टेकवलं. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत तो काहीतरी शोधत होता... आपण अंधारात चाचपतो ना, तसं. आणि मला एकाएकी गार वाटलं.

"येसाजी," मी हळूच विचारलं, "तुझ्यासमोर आत्ता कुठलं चित्र आहे?"

"पान."

"कुठलं पान?"

त्याने नाक काचेच्या आणखी जवळ नेलं. दुकानात फक्त पत्र्यावरचा पाऊस.

"हिरवं," तो म्हणाला.

त्या वाडीत एकाच नावाच्या दोन राहीबाई होत्या. एक गेल्या वर्षी वारली होती. हिच्या हयातीच्या अर्जाला त्याने त्या वारलेलीचा मृत्यूचा दाखला जोडून पाठवला होता. तुळशीच्या फोल्डरातला. माझ्या दोन सुंदर हिरव्या पानांपैकी चुकीच्या पानातला.

त्याने राहीबाईला स्वतः कचेरीत नेलं, दुरुस्तीचा अर्ज केला. परत आल्यावर त्याने मला सगळं सांगितलं, तेही खाली बघून. लहानपणापासून संध्याकाळनंतर दिसायचं नाही. आता दिवसासुद्धा कडेचं गेलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यातला पडदा कडेकडून मरत जातोय. आता नळकांडीतून बघितल्याएवढं उरलंय, तेही जाईल. औषध नाही.

"म्हणून तू माझ्याकडे सरळ बघायचास," मी म्हटलं.

"तेवढंच दिसतं."

"आणि चित्रं मोठी कर, काळी कर... ते?"

"दिसावीत म्हणून."

कानशिलं तापली माझी. लाज वाटली, राग आला, आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी तुटल्यासारखं झालं. "सांगितलं का नाहीस? मी रंग वेगळे केले असते, आकार वेगळे केले असते! त्या बाईला मी मारलं, येसाजी. आपण दोघांनी."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात." तो अजून 'तुम्ही'वरच होता. "आन् दुकानात तरी कोण आलं असतं? आंधळ्याकडं कागद कोण देतो?"

दुरुस्तीला वेळ लागला. श्रावण गेला. भाद्रपदात राहीबाईला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. तिची सून दाखल्यासाठी दुकानात आली. या वेळी येसाजीने पान बरोबर उघडलं. छापून दिलं. मग शटर ओढलं, ते उघडलंच नाही. माझे फोन घेणंही त्याने बंद केलं.

पंधरा दिवस मी वाट पाहिली. त्या पंधरा दिवसांत कंपनीचं काम करवेना. कागदाची पुंगळी करून एका डोळ्याला लावायची, दुसरा मिटायचा, आणि स्क्रीन बघायची. माझी सगळी नाजूक चित्रं त्या भोकात ठिपक्यांसारखी दिसत होती. मग मी एसटी पकडली आणि उमरठच्या वरच्या वाडीत त्याच्या घरी गेले.

अंगणात त्याची आई, बयाबाई, चवळीच्या शेंगा सोलत होती. माझं नाव ऐकून तिने हात पुसले.

"तू ती चित्रवाली? बस गो." मग आवाज उतरला. "माझा भाव बी असाच व्हता. बांधावरनं पडला नि गेला. मला ठाव व्हतं, पोराला बी ते येनार. कुनाला बोलले नाय. आमच्यात पोरगी कोन देनार, सांग."

येसाजी परसात बसला होता. पावलांचा आवाज ओळखून म्हणाला, "कशाला आलात? तुम्हाला उगाच भास झाला मॅडम. मला फक्त चित्रं हवी होती."

"खोटं बोलतोस."

"बरं, खोटं. पन पुढं काय? आज तुमचा चेहरा दिसतो. दोन वर्षांनी निम्मा. मग काय... मग आवाज. तुम्ही कशाला सोसायचं?"

"ते मी ठरवीन. त्याआधी तुझ्याबरोबर मला एके ठिकाणी जायचंय."

राहीबाईच्या घरी आम्ही दोघं गेलो. चिखलाच्या पायवाटेवर त्याने पहिल्यांदा माझा हात धरला, कारण दुसरा मार्गच नव्हता. राहीबाईचा मुलगा सुनील ओटीवर होता. येसाजीने उभ्याउभ्या सांगितलं, चूक माझी होती, मला दिसत नाही आणि मी ते लपवलं. चित्रं मी काढली होती, असं मीही सांगितलं.

सुनीलने आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

"आये तापानं गेली," तो म्हणाला. "ते तुमच्यावर नाय टाकत मी. पन येसाजी, महिनाभर ती उठल्यावर पयलं आमाला इचारायची... मी जिती हाय ना रे? रोज इचारायची. आमी हसायचो. मग हसायचं बंद झालं."

त्याने चहा विचारला नाही. जा असंही म्हणाला नाही. आम्ही उभे राहिलो, मग निघालो. वाटेत येसाजी एका दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी शेजारी बसले. 

दसऱ्यानंतर तो मुंबईला गेला. दृष्टी नसलेल्यांना कॉम्प्युटर शिकवतात, सहा महिन्यांचा वर्ग. स्क्रीनवर जे असेल ते कॉम्प्युटर बोलून दाखवतो, बोटं ऐकून चालतात. मी इकडे त्याचा डेस्कटॉप पुन्हा पहिल्यापासून मांडला. काळ्यावर पिवळी, मधोमध, आठच चित्रं. एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, आणि प्रत्येकावर गेलं की माझा आवाज नाव सांगतो. मृत्यूचा दाखला दोनदा विचारल्याशिवाय कशालाच जोडता येत नाही. एकेक चित्र मी पुंगळीतून तपासलं.

घरी मी आईबाबांना येसाजीबद्दल, त्याच्या डोळ्यांबद्दल सांगितलं. आई रडली. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते अजून सुरू झालेलं नाही. जेवताना ताट पुढे सरकवतात, एवढंच.

चैत्रात तो परतला. पोलादपूरच्या स्टँडवर भर दुपारी एसटी थांबली. येसाजी दारातून चाचपत उतरला, बॅग छातीशी घट्ट धरून. वर्गात मिळालेली पांढरी काठी त्याने घडी करून बॅगेत कोंबली होती, तिचं टोक बाहेर आलं होतं.

"उघड ती," मी म्हटलं.

"इथं नको. सगळे ओळखतात मला."

"म्हणूनच."

तो तसाच उभा राहिला.  कंडक्टरने बेल दिली, एसटी निघून गेली, धूळ बसली. मग त्याने काठी बाहेर काढली. एकेक तुकडा खटकन जागेवर बसला. पानवाला बघतच राहिला. फळवालीने हातातली केळ्यांची फणी खाली ठेवली.

आम्ही बाजाराच्या रस्त्याने चालू लागलो. काठी टकटक करत पुढे, तिच्यामागे तो, त्याच्या कोपराला माझा हात.

"लोक बघतायत?" त्याने विचारलं.

"हो."

"माझ्याकडं की तुझ्याकडं?"

"दोघांकडे."

दहा पावलं नुसती काठी वाजली. मानेवर घाम आला होता, आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"मग आता गो श्रुतिका," तो म्हणाला, "लग्न करायलाच लागंल."

"हे विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय... घाबरत."

"मीपण घाबरतेच आहे," मी म्हटलं. "चल. पुढे गटार आहे, डावीकडे हो."

तो डावीकडे झाला.