खिडकीकडे वळलेली झाडं

नळाची नळी निसटली आणि पाण्याची चिळकांडी थेट शेजाऱ्याच्या तोंडावर बसली. नव्या घरातली तिची ती पहिलीच सकाळ.

“अगं बाई! सॉरी हं... लागलं का हो?”

“पाणी लागत नाही, भिजवतं.” त्यानं चष्मा काढला, पुसायला शर्ट धरला, तर शर्टही ओलाचिंब. “आता मला तुम्ही दिसतच नाही. रागवायचं तरी कुणावर?”

तिनं ओढणीचं कोरडं टोक पुढे केलं. तो काचा पुसत असताना ती मात्र त्याला नीट बघून घेत होती.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. ती दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची. हे कळल्यावर तिच्या मावशीनं खाटेवरूनच आवाज दिला, “बरं झालं बाई! माझ्या म्हातारपणाची सगळी सोय एकाच भिंतीला लागली.”

दोन्ही परसांमध्ये कमरेएवढी भिंत होती, भिंतीत छोटं फाटक, आणि दोन्ही घरांना मिळून एकच नळ, तोही त्याच्या बाजूला. पाणी भरायला तिला त्याच्या कुंड्यांमधून वाट काढत जावं लागे.

त्या कुंड्या तिला पहिल्याच दिवशी खटकल्या. पानं हिरवीगार, माती ओली. पण झाडून सगळी झाडं एकाच बाजूला कललेली. ऊन तिच्या परसाकडून यायचं आणि ती सारी भिंतीकडे माना ताणून उभी असायची. कुंडी अधूनमधून फिरवावी लागते, नाहीतर झाड वाकडं होतं, हे बाग करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यात हिचं सगळं आयुष्य दात सरळ बसवण्यात चाललेलं. समोरच्याची दुमडलेली कॉलर दिसली की हात आपोआप जातो, तसा तिचा हात गेला. तो दुकानात निघून गेला होता. कामावर जाण्याआधी पाणी भरता भरता तिनं एकेक कुंडी अर्धी फिरवली. फक्त कोपऱ्यातलं, लिंबाचं झाड लावलेलं पिंप तिच्याच्यानं हललं नाही. त्या झाडाची एक लांब फांदी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर वाकलेली होती.

संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. “माझ्या कुंड्या फिरल्यात.”

ती हसून सांगणारच होती. पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तो खिडकीकडे बघत होता. सगळी झाडं आता तिकडे कलली होती. माणूस गेलेल्या घरात लोक दबकत डोकावतात ना, अगदी तशी.

“माझी बायको फिरवायची,” तो म्हणाला. “ती गेल्यावर मी एकही हलवली नाही. तिचा हात शेवटचा जसा लागला, तशाच ठेवल्या होत्या.” मग आवाज एकदम खाली आला. “ती येऊन गेली.”

आणि तो हसला. इतक्या आनंदानं हसला, की खरं सांगायचं सोडून ती नुसती मान डोलावून घरात गेली.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी भिंतीपाशी येऊ लागला. दाढी करून, केस विंचरून. आधी बायकोबद्दल बोलायचा. लिंबाची ती फांदी तिनं मुद्दाम खिडकीपाशी वळवली होती, भाजी फोडणीला असताना हात बाहेर काढून लिंबू तोडता यावं म्हणून. ते पिंप दोघांनी मिळून ढकलत कोपऱ्यात नेलं आणि मग दोघंही धापा टाकत जमिनीवर बसली. असं बरंच काही. मग हळूहळू दुसऱ्या गोष्टीही निघू लागल्या.

“कवळीवाल्या बाई, तुमचं हसू खरं आहे की घरचंच काम?”

“जवळून बघा की. चष्मा कशाला लावलाय?”

तो जवळ आला. अगदी भिंतीला टेकेपर्यंत... खाटेवरून मावशी मोठ्यानं खोकली.

सकाळी कुंड्या फिरवणं तिनं चालूच ठेवलं होतं. एका सकाळी मात्र मनाशी ठरवून तिनं त्यांना हात लावला नाही. संध्याकाळी त्याचा चेहरा असा उतरला, की दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सगळ्या फिरवल्या. मग ते काम सुटलंच नाही. त्याच्या बायकोचं काम ती चोरून करत होती, आणि तो त्या आनंदात तिच्याशी बोलायला येत होता.

पण हल्ली तिला त्या परसात भीती वाटायची. कुंडी धरली की ती आधीच थोडी सैल वाटे, पलीकडून कुणी हात लावल्यासारखी. खिडकीच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसे. एकदा ती वळायच्या आधीच ते वळलं... निदान तिला तसं वाटलं. ती घागर तशीच टाकून घरात आली.

त्याच संध्याकाळी ती भिंतीपाशी वेलीची पिवळी पानं खुडत होती, स्वतःशीच गुणगुणत.

“हे गाणं तुम्हाला कुठून आलं?” त्यानं विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

कुठून आलं? तिलाही सांगता येईना. ते तिनं कधी ऐकलेलंच नव्हतं.

“तिचं आहे ते,” तो पुटपुटला. “स्वतःच रचलं होतं तिनं, पाणी घालताना म्हणायला. आता ती लांब नाही. उद्यापासून मी दुकानात जात नाही. खिडकीत बसतो. दिसेपर्यंत उठायचं नाही.”

“आणि पोटापाण्याचं?”

“बघू.”

तिनं घरात येऊन मावशीला सगळं सांगितलं. मावशी खाटेवर उठून बसली. “सांगितलंस तर त्याची बायको त्याच्यासाठी दुसऱ्यांदा जाईल,” ती म्हणाली. “तुझं तोंडही बघायचा नाही तो. नाही सांगितलंस, तर त्या खिडकीत बसून तोच संपेल. आता तूच ठरव, बयो.”

सकाळी तो खरंच खिडकीत बसला होता. ती फाटकातून आत गेली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिनं एक कुंडी फिरवली. मग दुसरी.

“मीच होते,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. आधी सवयीनं... मग तुम्ही हसायचात म्हणून.”

त्यानं खिडकी लावून घेतली. कडी लागल्याचा आवाज आला.

मग ती नळावर गेलीच नाही. मावशीच्या ओळखीतल्या घरून पाणी आणू लागली. भिंतीपलीकडे संध्याकाळभर कुंड्या सरकल्याचे आवाज यायचे, खरखर, खरखर. ती कानांवर हात ठेवून बसायची. स्वतःच्या बागेतही तिचं मन लागेना. तो दुकानात जायला लागला, एवढंच तिला मावशीकडून कळलं.

एका सकाळी ती परसात आली आणि जागीच थबकली.

भिंतीवरून एक लांब फांदी तिच्या बाजूला आली होती. लिंबाची. टोकाला एक पिवळं लिंबू, तिच्या हाताच्या उंचीवर.

पलीकडे तोही उभा होता, डोळे रात्रभर न मिटल्यासारखे. कोपऱ्यातलं पिंप जागेवरच होतं, फक्त फिरलेलं. त्याच्याखालच्या शेवाळावर गोल, ताजा ओरखडा उमटला होता.

“हे कशाला केलंत?” त्यानं विचारलं.

“मी? ते पिंप मला हलेल का? मला वाटलं तुम्ही...”

“मला एकट्याला हलत नाही ते. कधीच नाही.”

दोघंही त्या ओरखड्याकडे बघत राहिली. वारा नव्हता, तरी फांदी किंचित हलत होती. कुणीतरी नुकताच हात काढून घेतल्यावर हलावी तशी.

“मी सगळ्या कुंड्या पुन्हा तिच्यासारख्या लावायला गेलो,” तो हळूच म्हणाला. “आणि तिनं कशा ठेवल्या होत्या, तेच आठवेना. रडलो खूप. पण रडताना तिच्याइतकीच तुमचीही आठवण येत होती. याची मला लाज वाटत होती...” त्यानं खिडकीकडे बघितलं. खिडकी मोकळी होती. फांदी तिथून गेली होती आणि पहिल्यांदाच आत ऊन पडलं होतं. “काल तिला हे बोलून दाखवलं. आत, स्वयंपाकघरात. मोठ्यानं.”

तिच्या अंगावर काटा आला. पण पाय मागे गेले नाहीत.

“मग आता?” तिनं विचारलं.

“मग घे की तोडून,” तो म्हणाला. चष्म्यामागे त्याचे डोळे भरले होते. “तिनं आपल्या हातानं दिलंय. तिला नाही म्हटलेलं चालायचं नाही. मला विचार.”

तिनं हात वर केला. लिंबू अगदी सहज सुटलं. तिच्या बाजूला अजून सकाळची गार सावली होती, पण ते कोमट होतं, कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखं.