ब्रेकमधली हवा

यातलं काहीही रचलेलं नाही.

तारीख सांगता येते. २०२४ सालचा एप्रिल, वीस तारीख, शनिवार, दुपारचे दोन. जागाही सांगता येते. मिशिगनमध्ये, फ्लिंटच्या उत्तरेला, एका आखूड गल्लीतलं शेवटचं घर आणि घराला चिकटलेलं गॅरेज.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. गॅरेजचं दार सताड उघडं होतं. ऊन जमिनीवरच्या तेलाच्या डागांपर्यंत आत आलं होतं. रेडिओवर बेसबॉलचं समालोचन चाललं होतं. भुताला लपायला लागेल एवढाही अंधार तिथे नव्हता.

व्हर्लिन स्टिडम गाडीखाली उताणा पडला होता. वय सदुसष्ट. आयुष्याची चाळीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात पत्रा दाबण्यात गेलेली, आणि उजवा कान तिथल्याच आवाजाला वाहिलेला.

गाडी १९६९ सालची होती. लांबलचक नाक, दोन दारं, आठ सिलिंडरचं इंजिन. ती त्याची नव्हती. त्याच्या थोरल्या भावाची, डॉर्सीची होती. डॉर्सी १९७८च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यातून बाहेर फेकला गेला आणि गेला. गाडीचं फक्त पुढचं एक मडगार्ड चेपलं. माणूस संपला, लोखंड उरलं. आईच्या कोठारात, ताडपत्रीखाली, चाळीस वर्षांहून जास्त.

तीन वर्षांपूर्वी व्हर्लिनने ती ताडपत्री ओढली.

तळाचा पत्रा गंजून बिस्किटासारखा झाला होता. तो त्याने कापून नवा जोडला. सीटच्या स्प्रिंगांत उंदरांच्या चार पिढ्या नांदून गेल्या होत्या. त्या स्प्रिंगा त्याने एकेक करून घासल्या. प्रत्येक बोल्ट कॉफीच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेजारच्या खिडकीची काच थरथरली होती.

"इतकं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं असतंस," बायको, ओलेटा, म्हणायची, "तर मीसुद्धा आज रंग लावून रस्त्यावर धावले असते."

हे सगळं जोलीनसाठी होतं. जोलीन डॉर्सीची मुलगी, बापाच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी जन्मलेली. आता पंचेचाळीसची. तिची एकच इच्छा होती. बापाच्या गाडीत बसून एकदा, फक्त एकदा, ती स्वतः चालवायची.

आणि व्हर्लिनची इच्छा याहून लहान होती, याहून काळी होती. गाडी चांगल्या ब्रेकनिशी या दारातून बाहेर पडली, तर पंचेचाळीस वर्षं जे सांगितलं नाही ते कधीच सांगावं लागणार नाही, असं त्याला वाटत होतं.

फक्त ब्रेक उरले होते.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर, पाय पेडलवर. दुसरा चाकाशी, खाली. खालचा म्हणतो, "मार." वरचा तीन-चारदा पेडल मारतो. खालचा म्हणतो, "धर." वरचा दाबून धरतो, आणि तोंडाने सांगतो, "धरलंय." मग खालचा चाकामागची छोटी निपल, म्हणजे तेल सोडायची तोटी, उघडतो. हवेचे बुडबुडे तेलाबरोबर नळीतून काचेच्या बरणीत येतात. तो निपल बंद करतो. आणि मगच म्हणतो, "सोड."

"सोड" ऐकल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नसतो. एवढा एकच नियम. आधी उचललास, तर बाहेरची हवा आत शिरते. पेडल पोकळ होतं, ब्रेक लागत नाही.

जोलीन तीनला येणार होती. व्हर्लिनने मागच्या उजव्या चाकाला नळी लावून ठेवली, पाना निपलवर चढवला, आणि निव्वळ सवयीने, वर कोणी नसताना, बोलून गेला...

"मार."

चर्र...

चर्र...

चर्र...

वर पेडल हललं होतं.

"लवकर आलीस?" त्याने विचारलं.



ऊन जमिनीवर पडलं होतं. त्यात कुणाचे पाय आलेले त्याला दिसले नव्हते. दार उघडल्याचा आवाज झाला नव्हता, आणि या गाडीचं दार उघडलं तर अर्ध्या गल्लीला कळतं.

"धर," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

त्याने पाना फिरवला. बरणीतलं तेल हललं. मग बुडबुडे आले. एक नाही, दोन नाही... उकळी फुटावी तसे.

तो बाहेर सरकला, उठला, खिडकीतून आत पाहिलं.

आत कोणी नव्हतं.

फक्त नव्या काळ्या सीटवर कुणीतरी बसून उठल्याचा खळगा होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून आला.

जोलीन आली तेव्हा तो दारातल्या खुर्चीवर बसून होता.

"काका, तुझा चेहरा बघ. गाडीला रंग दिलास की स्वतःला? पांढराफटक पडलायस."

"बस आत. हवा काढायची आहे."

"अरे, आधी कॉफी तरी विचार! बापाच्या गाडीत बसायला पंचेचाळीस वर्षं थांबले, अजून पाच मिनिटांनी काय होतंय?"

"बस म्हणतो ना."

ती बसली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग नाक ओढलं आणि म्हणाली, "सांग. काय करू?"

मार. धर. धरलंय.

बुडबुडे आले.

"पाय उचललास," व्हर्लिन म्हणाला.

"नाही उचलला."

"उचललास, जो. बरणीत दिसतं मला."

"बरं बाबा, उचलला असेल. परत."

परत. आणि परत. तेलाची एक बाटली संपली, दुसरी उघडली. दर वेळी तेच. आधी स्वच्छ तेल, मग तो निपल बंद करणार इतक्यात... हवा. पेडल पिठाच्या गोळ्यासारखं मऊ.

"म्हातारपणी तुझे हात चालत नाहीत आणि दोष माझ्या पायाला," जोलीन हसून म्हणाली.

पाचव्या वेळी ती हसली नाही.

"काका."

"काय?"

"हात काढ."

"कुठला हात?"

"माझ्या बुटाखालचा. खालून वर कशाला ढकलतोयस?"

व्हर्लिनने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एकात पाना, एकात बरणी. तो मागच्या चाकाशी होता. पेडल तिथून आठ फूट पुढे.

रेडिओवर कुणीतरी चेंडू फार लांब मारला होता. लोक ओरडत होते.

"मी मागे आहे, जो," तो म्हणाला.

 वरून तिचा आवाज आला, बारीक.

"मग हे कोण आहे?"

आता मात्र त्याला कळलं. पेडल केव्हा वर येतं, तो ठेका त्याला ओळखीचा होता. खालच्याचा पाना निपलवर फिरू लागतो, "सोड" ओठांवर येण्याआधीचा तो अर्धा श्वास. तिथेच. अगदी तिथेच. जगात तो ठेका दोनच माणसांना माहीत होता. ज्याने पाय उचलला होता त्याला, आणि ज्याने खाली पडून त्याच्यावर विश्वास ठेवला होता त्याला.

तो गाडीखालून बाहेर आला नाही. तसाच पडून, तिथल्या काळोख्या पोलादाकडे पाहत, त्याने सांगितलं.

तो शुक्रवार होता. चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं, आणि तिथे एकवीस वर्षांच्या व्हर्लिनची एक मुलगी वाट पाहत होती. डॉर्सी या गाडीखाली होता. व्हर्लिन पेडलवर. त्याला घाई होती. डॉर्सी विचारत होता, "धरलंयस ना रे?" आणि तो म्हणत होता, "धरलंय, धरलंय." धरलेलं नव्हतं. एकदा नाही, चारही चाकांना. शेवटी डॉर्सीने विचारलं, "पेडल कसं लागतंय?" व्हर्लिन म्हणाला, "दगडासारखं." आणि हात धुवायला गेला.

त्याच संध्याकाळी, नदीकडच्या उतारावर, डॉर्सीने ब्रेक दाबला.

गाडीत बिअरच्या दोन बाटल्या होत्या. आपटून फुटल्या, वास पसरला. पोलिसांनी लिहिलं, दारू. ब्रेक कुणी पाहिलेच नाहीत.

"मी बोललो नाही," व्हर्लिन म्हणाला. "मला वाटलं, नंतर बोलेन."



"आईने मरेपर्यंत त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता," जोलीन म्हणाली. "मी सरळ केला की ती परत उलटा करायची. म्हणायची, दारुड्याचं तोंड कशाला बघतेस."

घरातून गॅरेजमध्ये येणाऱ्या दारात ओलेटा उभी होती. हातात सँडविचची थाळी. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"माशांच्या जेवणाला," ती म्हणाली, "ती मुलगी मी होते, व्हर्लिन."

त्याने डोळे मिटले.

"पंचेचाळीस वर्षं मी त्या बिचाऱ्याच्या बाटल्यांना शिव्या घालत आले. आणि तू समोर बसून जेवत होतास."

तिने थाळी बाकावर ठेवली. नीट, आवाज न करता. आणि आत गेली.

सोमवारी जोलीनने मालवाहू ट्रक आणून गाडी नेली. काकाशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या गावातल्या एका वर्कशॉपमध्ये हवा काढायचं यंत्र होतं. त्याला माणसाचा पाय लागत नाही. ते दाबाने तेल ढकलतं, हवा आपोआप बाहेर पडते. दोन तासांत काम झालं. पेडल दगडासारखं लागलं, खरोखरच्या दगडासारखं.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

आठ जून. शनिवार. सकाळचे अकरा. व्हर्लिनचा फोन वाजला.

"काका."

सात आठवड्यांनी ऐकलेला आवाज. मागे हॉर्न वाजत होते. खूप हॉर्न.

"कुठे आहेस?"

"सिग्नलवर. बाबांच्या गाडीत." ती फार हळू बोलत होती, झोपलेलं मूल कुशीत असावं तशी. "तीनदा हिरवा झाला, काका. मला पाय उचलता येत नाही."

"कुठल्या..."

"ब्रेकवरचा. वरून दाबलाय. माझ्या पायावर कुणीतरी पाय ठेवलाय."

"दुखतंय?"

"नाही. पण भारी आहे रे... फार भारी आहे."

व्हर्लिनला एकच शब्द ठाऊक होता. तो त्याने फोनवर उच्चारला.

"सोड."

काही झालं नाही.

"सोड! डॉर्सी, झालं सगळं, बंद केलं मी, सोड!"

पलीकडे फक्त हॉर्न. आणि जोलीनचा श्वास.

तेव्हा त्याला उमगलं. तो शब्द खालच्या माणसाचा असतो. चाकाशी वाकलेल्या, हातात पाना धरलेल्या माणसाचा. आणि खाली कुणीच नव्हतं. वरच्याला सोडायला सांगणारं आता कुठेच कुणी नव्हतं.

अग्निशमन दलाच्या लोकांनी बूट कापून तिचा पाय सोडवला. बूट पेडलवरच राहिला, चपटा झालेला.

ऐकणारे सगळे एकच विचारतात. त्या वेळात चौकातून एखादा भरधाव ट्रक गेला असेल, बापाने पोरीला वाचवलं असेल ना? तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चौकात त्या दिवशी काहीच घडलं नाही. ट्रक नव्हता. अपघात नव्हता. वाचवावं असं काहीही नव्हतं. नुसतं ऊन होतं, आणि हिरवा दिवा.

गाडी ओढत आणावी लागली. चाकं फिरतच नव्हती. जोलीनला ती नको होती, म्हणून ती परत व्हर्लिनच्याच गॅरेजमध्ये उभी आहे. ओलेटा केंटकीला बहिणीकडे गेली, ती आली नाही. बॅटरी त्याने त्याच दिवशी काढून फळीवर ठेवली. तरी मागचे दोन्ही लाल दिवे जळत आहेत... कुणी ब्रेक दाबून बसल्यावर जळतात तसे.

जोलीनच्या पायावर वळ नाही, जखम नाही. फक्त तो पाय कधी गरम होत नाही. जुलैच्या उन्हातही.

ती रविवारी फोन करते. विचारपूस नाही, नाव नाही.

"अजून दाबलेलंच आहे?"

"हो."

ती फोन ठेवते.

एक गोष्ट त्याने तिला सांगितलेली नाही. सांगायची आणखी एक गोष्ट तो परत उरात धरून बसला आहे. दर रविवारी, तिचा फोन येण्याआधी, तो पट्टी घेऊन वाकतो आणि पेडल मोजतो. तेल कुठेही गळत नाही. नळ्या कोरड्या आहेत. नळीत हवेचा बुडबुडाही नाही. तरीही पेडल खाली चाललं आहे. महिन्याला अर्धं बोट. तळाला टेकलं की दाबून धरायला काही उरणार नाही.

गाडीच्या तळापासून ते आता दोन बोटं वर आहे.